ओलीव्हाला न्यायला

व्हेनिसच्या उत्तर टोकाला, सान्त आल्विझेच्या कालव्याकाठी नोरीना जन्मली आणि सातव्या वर्षीच तिच्या हातात सुया आल्या. गल्लीतल्या बायका दारात खुर्च्या टाकून, मांडीवर मण्यांची लाकडी परात घेऊन काचेच्या माळा ओवत बसायच्या. त्यांत ही सगळ्यांत लहान आणि हाताने सगळ्यांत चपळ. तोंडानेही. विसाव्या वर्षी तिने एल्व्हियोशी लग्न केलं. तो होडीतून घरोघरी कोळसा पोचवायचा. तळमजल्यावर दोन खोल्या, त्यातली एक सासूची, ओलीव्हाची. दोघींचं एक दिवसही पटलं नाही. सूप खारट झालं की ओलीव्हा चमचा ठेवून विचारायची, "समुद्र कमी पडला होता का?" आणि नोरीना म्हणायची, "नको असेल तर मांजराला घाला, ते तरी आशीर्वाद देईल."

एकोणीसशे सहासष्टच्या नोव्हेंबरात समुद्र शहरात चढला. रात्र उलटली तरी उतरेना. उतरला तेव्हा गाद्या, पेटारा, पोराचे कपडे, सगळ्यावर फुटलेल्या टाक्यांतल्या काळ्या तेलाचा थर होता. नाताळ आला तरी भिंती गळतच होत्या. मुलगा खोकायचा थांबेना, तेव्हा एल्व्हियोने होडी विकली आणि पाण्यापलीकडे, जमिनीवरच्या पादोव्हाला कारखान्यात नोकरी धरली.

"मी येत नाही," ओलीव्हा म्हणाली. "जिथे रात्रभर रस्त्यावर गाड्यांची चाकं फिरतात तिथे माणूस झोपतो कसा?" वरच्या मजल्यावरच्या ईदाने तिला एक खोली दिली.

निघायच्या दिवशी सामान चढवताना नोरीना नवऱ्याला म्हणाली, "राहू दे तिला. थंडी वाजली की येईल धावत." वरची खिडकी उघडी होती. ओलीव्हाने ऐकलं आणि खिडकी लावून घेतली.

ती आली नाही. दोन वर्षांनी, फेब्रुवारीत, छातीत कफ भरून गेली. एल्व्हियो पोचला तेव्हा ईदाने तिला धुवून, केस विंचरून ठेवलं होतं. सान मिकेले बेटावरच्या कबरस्तानात तिला पुरलं. त्यानंतर नोरीना एकदाही व्हेनिसला गेली नाही. विचारलं की म्हणायची, गुडघे दुखतात.

ब्याऐंशीच्या जानेवारीत कबरस्तानाचं पत्र आलं. जागा अपुरी, कबरीची मुदत संपली. हाडं काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवायची आहेत, घरच्यांनी हजर राहावं.

"मी येते," नोरीना म्हणाली.

"गुडघे?"

"गुडघे घेऊनच येते."

त्या दिवशी धुकं इतकं दाट होतं की बोटीच्या नाकापुढचं पाणी दिसत नव्हतं. एल्व्हियो बाहेर कठड्याशी उभा राहिला. "आत ये, न्यूमोनिया होईल," नोरीना ओरडली. "आईवरच गेलास." बोलून गेल्यावर तिने जीभ चावली.

रबरी बूट घातलेल्या कामगाराने आधीच खणून ठेवलं होतं. "बाई, तुम्ही मागे थांबा," तो म्हणाला. त्याने फळी उचलली, वाकून पाहिलं आणि हळूच परत ठेवली.

"अजून झालं नाही."

"काय झालं नाही?" एल्व्हियोने विचारलं.

"ओली माती आहे, साहेब. हाडं सुटी व्हायला कधीकधी वेळ लागतो. परत पुरावं लागेल. पाच वर्षांनी या."

एल्व्हियो हसल्यासारखा झाला. "म्हणजे आजही यायला तयार नाही."

नोरीना शेजारच्या कबरीच्या ओल्या कठड्यावर बसली. कामगार फावडं आणायला गेला तेव्हा ती म्हणाली, "एल्व्हियो, ईदाचं पोस्टकार्ड आलं होतं. आई वारायच्या आठ दिवस आधी. 'फार आजारी आहेत, मुलाला पाठवा,' असं लिहिलं होतं. मला वाटलं, नाटक असेल. तुझी नोकरी नवीन, रजा मागितलीस तर काढून टाकतील. मी ते लपवलं."

"पिठाच्या डब्यामागे," एल्व्हियो म्हणाला.

तिने झटकन मान वर केली.

"दुसऱ्या दिवशीच सापडलं होतं मला. वाचलं आणि होतं तिथे ठेवलं."

"मग गेला का नाहीस?"

"दमलो होतो गं." तो टोपी काढून हातात चुरगळत होता. "म्हटलं, रविवारी जाऊ. तू बोलली नाहीस म्हणून मला बरंच वाटलं. सगळा दोष तुझ्या नावावर गेला ना."

तेरा वर्षं दोघं एका ताटलीत जेवावं तसे एका घरात राहिले होते, आणि प्रत्येकाने आपलं पाप एकट्याने उशाला घेतलं होतं. नोरीनाला त्याला मारावंसं वाटलं, आणि त्याच्या कोटाचं वरचं बटण लावावंसंही वाटलं. तिने दोन्हींतलं काहीच केलं नाही. माती परत पडेपर्यंत दोघं उभे राहिले.

किनाऱ्यावर परतल्यावर ते एका दारूच्या गुत्त्यात शिरले. ईदा वारल्याचं मालकाकडून कळलं. तळमजल्यावरच्या त्यांच्या जुन्या दोन खोल्यांत कोणी राहत नव्हतं. एल्व्हियोने दोन पेले वाइन घेतली, सोबत आलेल्या घोटलेल्या सुक्या माशाला हात लावला नाही. परतीच्या आगगाडीत तो म्हणाला, "आता विषय नको." आणि खरंच त्याने पुन्हा काढला नाही. नोरीनाला वाटत होतं, त्याने ओरडावं, एखादी बशी तरी फोडावी.

चौऱ्याऐंशीच्या ऑक्टोबरात तो गेला. मुलाने त्याला पादोव्हालाच पुरलं. फुलं घेऊन जायला जवळ पडतं, म्हणाला. नोरीनाने वाद घातला नाही. तोपर्यंत तिची जीभ मऊ पडली होती.

पाच वर्षं भरली तेव्हा ती एकटी गेली. या खेपेला माती कोरडी होती आणि हाडं सुटी झालेली. कामगार नवा होता, बोलला नाही. ओलीव्हा एका छोट्या जस्ताच्या पेटीत मावली. कोनाडा मिळाला तो सगळ्यात वरच्या ओळीत. पेटी त्याने चढवली आणि तो दुसऱ्या कामाला गेला. शिडी होती, पण ती धरून ठेवणारं कोणी नव्हतं. नोरीनाने शेवंतीची जुडी खाली, भिंतीच्या पायाशी ठेवली आणि दोनच्या बोटीसाठी धक्क्याकडे निघाली.