डाव्या हातातली कळशी

माझ्या छातीचं कॅन्सरचं आपरेशन झालं, तवापासून मुंबईच्या दवाखान्यातल्या एक बाई वलवणला आमच्या घरी येत्यात. आपरेशन झालेल्या बायकांचं पुढं कसं चाललंय, ते इचारून लिवून घेत्यात. पेन्शिल अंबाड्यात खोचलेली, प्रश्न दोनदा वाचनार, आन् समदं लिवून झाल्याबिगर च्याला हात लावनार न्हाईत.

"बरं वाटतं का?" त्या इचारायच्या.

"बरं हाय," मी म्हनायचे. दारात आलेल्याला कुनी आपलं दुखनं सांगतं व्हय? सासूबाई तर म्हनायच्या, "धडधाकट हाय की! भाकरी खाऊन बघा तिच्या हातची."

काल मी पानी घिऊन आले, तर बाई माझ्या हाताकडंच बघत बसल्या. "उजव्या हाताच्या तुम्ही, मग कळशी डाव्यानं का आणलीत?"

माझ्या तोंडून निघूनच गेलं, "काखंत परत गाठ लागती, हात वर जात न्हाई." लय भ्या वाटत होतं, पोरगी अजून रांगती, तिला टाकून मुंबईला कशी जाऊ, म्हून गप बसले होते, त्येबी सांगून टाकलं.

"पोरीला घेऊनच चला. उद्या सकाळच्या गाडीनं. मी आहे बरोबर."

मग त्यांनी पेन्शिल काढली, 'बरं वाटतं का' खोडलं आन् तितं 'कळशी कोणत्या हातानं आणता?' लिवलं. लगेच उठल्याच.

"अवो, च्या तरी घ्या," सासूबाई म्हनल्या.

"नको. वराळ्याच्या मावशींचंही असंच ऑपरेशन झालंय, त्यापण मला बरं आहे म्हणाल्या होत्या. आधी त्यांच्याकडे परत जाऊन येते."