गच्चीवरची पापडी

आप्पा सुरतेजवळ पलसाण्याच्या कापडछपाईच्या मिलमध्ये रंगखात्यात होते. तिथे छपाईच्या रंगात युरिया मिसळतात, म्हणजे रंग कापडात नीट मुरतो. सांडलेला युरिया झाडून टाकून द्यायचे. एकदा आप्पा सुपरवायझरला विचारून त्यातला पिशवीभर घरी घेऊन आले. बमरोलीच्या आमच्या गच्चीवर आईने दोन निळी पिंपं अर्धी कापून त्यांत सुरती पापडी लावली होती. बी दिलं होतं शेजारच्या गुजराती मासीने.

आप्पा रोज चिमूटभर युरिया टाकत. वेल असा माजला की दिवाळीच्या आधीच त्याने दोऱ्या, पाण्याची टाकी, शेजाऱ्यांचा ॲन्टेना सगळं गिळलं. पानं हाताच्या पंजाएवढी, काळपट हिरवी. ऑक्टोबरच्या उन्हात आख्ख्या चाळीतल्या बाया त्याच्या सावलीत साड्यांना टिकल्या चिकटवायला बसू लागल्या. आप्पा पाहुण्यांना मुद्दाम वर नेत.

उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत, जवळ आली. मासी उंधियूच्या भाजीसाठी पापडी तोडायला टोपली घेऊन आली, पानं चाळत राहिली आणि रिकामीच खाली गेली.

"पाला ते गंज व्हयना, ढीगभर," आई आप्पांना आमच्या अहिराणीत म्हणाली, "शेंग कोठे शे?"

त्या दिवशी आप्पा कमीच जेवले. मलाच वाईट वाटलं. मी तेव्हा बीएस्सीला होते. वनस्पतिशास्त्राच्या मॅडमना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "वेल उपटून मुळं बघ."

मुळं पांढरी, गुळगुळीत निघाली. मॅडमनी समजावलं : पापडीच्या मुळांवर गाठी येतात. त्यांतले जिवाणू हवेतला नत्र झाडाला देतात आणि झाड त्यांना पानांत केलेली साखर देतं. पण नत्र मातीतच आयता मिळाला की झाड कशाला साखर खर्चील? गाठी येत नाहीत. आणि नत्र फारच झाला की झाड पानंच वाढवत राहतं, फुलांचं नाव काढत नाही.

पुढच्या पावसाळ्यात मासीने भावाच्या पापडीच्या शेतातली, ते जिवाणू असलेली माती आणून दिली. आप्पांनी युरियाला हात लावला नाही. वेल बेताचाच वाढला, पण थंडीत शेंगांनी लगडला. मासी टोपली भरून घेऊन गेली आणि उंधियूचा डबा घेऊन परत आली.

वेल शेंगांवर असतानाच मी एक मूळ उकरून आप्पांना गाठी दाखवल्या. एक नखाने फोडली. आत रक्तासारखा गुलाबी रंग.

"हाई कोनता रंग शे?" आप्पांनी बोटावर चोळून बघितलं, उजेडात धरलं. जन्मभर रंग कालवणारा माणूस, किती तरी वेळ ते बोट बघत बसला. मुळाच्या आत, मातीत, अंधारात हा रंग कोणासाठी, असं त्यांनी मला विचारलं. जिवाणूंना प्राणवायू बेतानेच मिळावा म्हणून, एवढं मी सांगू शकले.

टिकल्या चिकटवणाऱ्या बाया मात्र नाराज होत्या. सावली गेली होती ना! शेवटी आईनेच निकाल दिला, "एक पिंपमा टाक युरिया, एकमा नको."

आम्ही ते घर सोडेपर्यंत तसंच चाललं. एका पिंपातला वेल शेंगा द्यायचा आणि दुसऱ्याखाली बाया गप्पा मारत बसायच्या.