पांढऱ्या उंदरिणीचं बाळंतपण

प्रत्येक सस्तन प्राणी जन्माला येताना आपली शेकोटी पाठीवर घेऊन येतो. आमचे सर दरवर्षी एम.एस्सी.च्या पहिल्या तासाला हे वाक्य डोळे मिटून म्हणत. डुकराचं पिल्लू अशी शेकोटी आणत नाही, हे ते परीक्षा जवळ आल्यावर सांगत.

शेकोटी म्हणजे तपकिरी चरबी. उंदराच्या नवजात पिल्लाला कुडकुडताही येत नाही. त्याच्या दोन खांद्यांच्या मध्ये ही चरबी जळते आणि त्याला ऊब देते. नव्वदच्या दशकात, कोल्हापुरात, सरांनी मला आणि माझ्या वर्गातल्या एका सोबत्याला एकच काम दिलं: पांढऱ्या उंदरांच्या पिल्लांत ही चरबी कशी वाढते ते पाहायचं. पीएच.डी.च्या शिष्यवृत्तीची जागा एक होती. ज्याचं काम उजवं, त्याची जागा.

सोबती नेसरीकडचा. त्याचा हेवा मी शिष्यवृत्तीच्या आधीपासूनच करत होतो. त्याचं अक्षर छापल्यासारखं होतं. सर त्याला ‘अरे’ म्हणत आणि मला ‘तुम्ही’. आमच्या विभागात ‘तुम्ही’ परक्यांसाठी राखून ठेवलेलं असे. त्याच्या उंदरिणी चावत नसत. माझ्या चावत.

पिंजऱ्यांच्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरल्या. त्याला उत्तरेची खिडकी आली, जिची झडप लागत नव्हती. मला आतला उबदार कोपरा. पहिल्यांदाच काहीतरी त्याच्यापेक्षा बरं माझ्या वाट्याला आलं होतं.

त्या हिवाळ्यात माझी बहीण बाळंतपणाला राजारामपुरीत आमच्याकडे आली होती. मधल्या खोलीत बाजेखाली शेगडी, ओव्याची धुरी, आणि टोपडं-दुपट्यात नाकापर्यंत गुंडाळलेलं बाळ. जेवताना मी आईला सांगितलं, माझ्या उंदरिणी व्याल्या.

“मग शेक देतोस का न्हाय?”

“आई, उंदीर आहेत ते.”

“असू देत की. बाळंतीण ती बाळंतीण. लेकरांच्या अंगावर केस तरी हाईत का?”

केस नव्हते. मी हसलो, आणि दुसऱ्या दिवशी जुन्या धोतराच्या घड्या व टेबल-लॅम्प घेऊन गेलो. पिंजऱ्यावर धोतर, धोतरावर दिवा. पिल्लं गुलाबी आणि निवांत दिसायला लागली.

“बारसं कधी हाय गा?” सोबत्यानं विचारलं. “पेढं सांगून ठेवतो.”

तो जळतोय, असं मी समजलो. ते दिवस फार छान गेले.

मग विच्छेदनाचा दिवस आला. सरांनी दोघांच्या पिल्लांची चरबी काचेच्या दोन बशांत शेजारी शेजारी ठेवली. त्याची गडद तपकिरी, भरदार. माझी फिकट, थिजलेल्या तुपासारखी.

“कातडीला गारठा लागला की मेंदू मज्जातंतूंतून निरोप धाडतो,” सर म्हणाले. “त्या निरोपावर या पेशी वाढतात, जळायला शिकतात. निरोपच गेला नाही, तर चरबी नुसती साठून राहते. तुमच्या पिल्लांना थंडी वाजलेली दिसत नाही.”

मी धोतराबद्दल सांगितलं. सरांनी माझी बशी उचलून उजेडात धरली. मग त्यांचा चेहरा उजळला. माझी पिल्लं वाया गेली नव्हती. सोबत्याच्या प्रबंधात ‘उबेत वाढवलेला गट’ म्हणून ती चपखल बसत होती. अशी आणखी पिल्लं वाढवून हा गट शेवटपर्यंत सांभाळायला माझ्याइतका अनुभवी माणूस विभागात दुसरा नव्हता.

“मी काय केलंय गा?” सोबती जिन्यात म्हणाला. “खिडकी लागंना, एवढंच.”

त्यानं थोडी तरी फुशारकी मारायला हवी होती. मला रागवायला सोपं गेलं असतं.

शिष्यवृत्ती त्याला मिळाली. विभागानं शाल आणि नारळ दिला. सर डोळे मिटून म्हणाले, हा मुलगा आता आयुष्यभर तपकिरी चरबीच्या सेवेत राहील. मी दुसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या, शेजारच्यांपेक्षा जरा जास्तच वेळ.

पीएच.डी. झाल्यावर त्यानं रेशीमकिड्यांवर काम सुरू केलं. अनुदान तिकडे होतं. आज त्या विषयात त्याला मानतात. रेशीमकिडा सस्तन प्राणी नाही.