जुसूअपाशी अडलेलं पुस्तक

सर कागद दोन बोटांत धरून दाबायचे आणि म्हणायचे, "अजून ओलं आहे." शाई कधीच वाळलेली असायची. ओला असायचा तो अर्थ. असे हट्टी शिक्षक तुम्हीही पाहिले असतील.

शाळेत त्यांनी आम्हाला मराठी शिकवलं. अरबी ही त्यांची घरची आवड. सातपाटीच्या आमच्या घरात मी पहिला पदवीधर झालो तो सरांनी मागे लागून कॉलेजचा फॉर्म भरायला लावला म्हणून. निवृत्तीनंतर ते सरावलीला राहून अरबी-मराठी शब्दकोश लिहीत होते. बोईसरच्या कारखान्यातून सुटलो की मी तो टाइप करून द्यायचो. त्यांची नजर कमी होत चालली होती. ती शाबूत आहे तोवर छापलेलं पुस्तक त्यांच्या हातात द्यायचं, एवढंच माझ्या मनात होतं.

बाकी सगळं तयार होतं. अडलं एका शब्दापाशी. जुसूअ, म्हणजे वाळून कडक होणं. पाणी गोठलं, कामाने हात राठ झाला, म्हातारपणी सांधे आखडले, जुन्या अरबीत तिन्हीला हाच शब्द. सरांना मराठीतही एकच हवा होता. मी राठ म्हणालो, निबर म्हणालो, टणक म्हणालो. "अजून ओलं आहे." दीड वर्ष हेच. कधीकधी कीबोर्ड आपटावासा वाटे.

एका रविवारी ते सातपाटीला आले. आई वलांडीच्या बांबूवर वाळत टांगलेले बोंबील दाबून बघत होती.

"याला हात लावा, मास्तर. वरनं सुका दिसतो, आतनं ओला हाय."

सर बोंबील सोडून तिचा तळहातच बघत बसले. "बाई, अशा हाताला तुमच्यात काय म्हणतात?"

"हातच म्हनतात. दुसरं काय?"

मी त्यांना परत सोडायला निघालो तेव्हा रिक्षात ते हसत होते. मी मात्र वैतागलो होतो. आणखी एक रविवार फुकट गेला होता.

शेवटी त्यांना न विचारता मी तिन्ही ठिकाणी 'कडक' टाकलं आणि पालघरच्या एका छापखान्यात फाइल दिली. प्रूफ त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी भिंग लावलं.

"पाणी कडक, हात कडक, म्हातारा कडक. म्हातारा आहे की पापड?"

"सर, इतकं बारीक कोण वाचणार आहे?"

त्यांनी भिंग खाली ठेवलं. "तू वाचशील असं वाटलं होतं."

दोन महिने मी तिकडे फिरकलो नाही. शरमेने म्हणा, रागाने म्हणा. मग एका सकाळी त्यांच्या मुलीचा फोन आला, सर गेल्याचा.

पुढे तिने प्रूफ माझ्या हातात दिलं. एकाच शब्दाचा हट्ट त्यांनी सोडला होता. पाण्यापुढचं 'कडक' खोडून 'थिजलेलं' लिहिलं होतं. हातापुढे लिहिलं होतं, 'बोंबील वाळला की नाही ते ओळखणारा'. म्हाताऱ्यापुढचं 'कडक'ही खोडलेलं होतं, पण पुढची जागा कोरी.

"शेवटी बोटं मिटत नव्हती," ती म्हणाली. "पेन धरवत नव्हतं."

छापखान्यातून अधूनमधून विचारणा होते. मी त्या कोऱ्या जागी पेन्सिलीने एक शब्द लिहितो, कागद दोन बोटांत धरून दाबतो आणि खोडून टाकतो.