अण्णाकाकांनी धुतलेला सेल्फ

सुजाताचा फोन आला तेव्हा मी गाडीचं बॉनेट उघडून आत गंभीरपणे बघत उभा होतो. त्यातलं मला काही कळतं म्हणून नव्हे. शेजाऱ्यांना तसं वाटावं म्हणून. "दादा, अण्णा गेले… झोपेतच," ती म्हणाली. अण्णाकाका म्हणजे तिचे वडील, माझे सख्खे चुलते. फोन ठेवला आणि त्या इंजिनाकडे बघताना मला चक्क हसू आलं. त्याला कारण आहे.

काका मूळचे परभणीकडचे. हैदराबादला रेल्वेच्या कारखान्यात फिटर म्हणून लागले, तारनाक्याला घर केलं, निवृत्तीनंतर एक म्हातारी डिझेल जीप घेतली. पुढे राज्य वेगळं झालं, सरकारी नोकरांची वाटणी झाली आणि सुजाताचं नाव पलीकडच्या यादीत निघालं. सोमवारी विजयवाड्याला हजर व्हायचं. एकुलती एक लेक. जीपनं मीच सोडणार, असं काकांनी जाहीर केलं, आणि शुक्रवारी जीपचा सेल्फ गेला. म्हणजे किल्ली फिरवल्यावर इंजिन जागं करणारी ती मोटार.

मलकपेठचा मेकॅनिक म्हणाला, "इंजन ढीला करे बगैर हाथ नै जाता, चचा. परसों देखेंगे." हैदराबादी 'परसों' कधीही उगवतो हे काकांना ठाऊक होतं. त्याच्याकडून दुरुस्त केलेला दुसरा सेल्फ तेवढा घेऊन ते घरी आले.

"जाईल की पोरगी रेल्वेनं," काकू म्हणाल्या. "जन्म घालवलात ना तिथं?"

"रेल्वे पोचवते. सोडायला बापच लागतो."

पण काकांच्या हाताला कंप सुटला होता. म्हणून शनिवारी सकाळी बॅटरीची वायर काढून जीपखाली पोत्यावर आडवा झालो मी, विमा कचेरीतला कारकून. सेल्फ दोन बोल्टांवर. खालचा दिसतो, वरचा सायलेन्सरच्या पाइपामागे, बोटांनीच शोधायचा.

"डावीकडे घे," स्टुलावरून काका. "माझी डावी नाही रे, तुझी."

"अण्णा, तो झोपलाय, त्याची डावी आता उजवीकडे आली," सुजाता.

दोन तासांनी सेल्फ सुटला. काकांनी तो घासलेटात धुतला. कारखान्यातली शिस्त, भंगारात जाणारी वस्तूसुद्धा मळकी जाऊ द्यायची नाही. धुऊन पुसून वर्तमानपत्रावर दुसऱ्याशेजारी ठेवला. मी चहा घेतला, चकचकीत दिसला तो उचलला आणि कपाळावर ग्रीस माखून घेत तासाभरात बसवला. किल्ली फिरवली. कट्ट… कालचाच आवाज.

काकांनी वर्तमानपत्राकडे बघितलं. त्यावर मेकॅनिककडून आणलेला मळकट, धुळीनं भरलेला 'नवा' सेल्फ आरामात पडला होता.

"चूक माझीच," काका म्हणाले. "जरा जास्तच घासला मी." आणि पोट धरून असे हसले की काकू पाण्याचा तांब्या घेऊन धावल्या. मी परत पोत्यावर. या खेपेला बोटांना रस्ता पाठ होता. पाऊण तासात जुना निघून नवा लागला आणि जीप पहिल्याच हाकेला धडधडली.

रविवारी निघालो. सुजाता चालवत होती, काका शेजारी, मी मागे गाद्यांवर. सूर्यापेटला चहाला थांबलो, पण काका इंजिन बंद करू देईनात.

"अहो अण्णा, नवा सेल्फ आहे ना?"

"नवा आहे गं. पण बसवलाय यानं."

विजयवाड्यात तिच्या दारासमोर इंजिन बंद करायला सुजाताचा हात होईना. काकांनीच ते बंद केलं. परतताना आम्ही दोघं रेल्वेनं आलो. जीप त्यांनी तिच्याकडेच ठेवली. "सुट्टीला घरी यायला लागेल तिला," एवढंच म्हणाले.

परवा बुद्धविहारात काकांना श्रद्धांजलीचं पुण्यानुमोदन होतं. सुजाता त्याच जीपनं आली. उतरली, काकूंच्या गळ्यात पडली, आणि जीप मागे तशीच धडधडत उभी. बंद कर, असं कुणीच म्हणेना… शेवटी काकूंनीच आत हात घालून इंजिन बंद केलं. "पोचली हो पोरगी," त्या म्हणाल्या, शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघून.