भाड्याचं घर आणि गावपळण

कणकवलीला रेल्वेतून उतरले तेव्हा हातात एक ट्रंक आणि मालवणजवळच्या शाळेतली नवी नोकरी, एवढंच माझं होतं. घर मिळेलच, अशा तोऱ्यात मी वर्ध्याहून निघाले होते.

त्या किनाऱ्यावरच्या गावात घर शोधणं परदेशात शोधण्यासारखंच निघालं. "खंयसून इलंस? कोणाची गो तू?" (कुठून आलीस? कोणाची तू?) प्रत्येक दारात हेच. ना माझं सासर इथलं, ना माहेर. एकटी बाई म्हटल्यावर दार हळूच लोटलं जाई. अखेर गावातल्याच शेवंताकाकींनी त्यांच्या घरातली मागची खोली भाड्याने दिली. उकड्या तांदळाचा भात माझ्यासारख्या ज्वारीच्या भाकरीवर वाढलेलीला काही केल्या घशाखाली उतरेना, पण डोक्यावर छप्पर होतं. मी खूश होते.

थंडीत एका सकाळी काकी म्हणाल्या, "बाय, आयतवारी घर खाली करूक व्हया हां." (रविवारी घर रिकामं करायला हवं.)

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. पुन्हा दारोदार फिरायचं? मी रागारागाने ट्रंक ओढली. "काकी, माझं चुकलं तरी काय?"

"तुझा काय चुकतला? आमी पण जातंव. आख्खो गाव जाता, कोंब्यांसकट! गावपळण आसा."

दर काही वर्षांनी देवाचा कौल (होकार) मिळाला, की सगळ्या गावाने वेशीबाहेर राहायला जायचं, ते परतायचा कौल होईपर्यंत. मागे एकही चूल पेटवायची नाही. मी वर्ध्याला जाऊन येते म्हटलं, तर काकींनी डोळे वटारले. "गाव भायर जाता आणि तू खंय चल्लंस?"

गेले मुकाट्याने. माळावर झावळांच्या खोपी उभ्या राहिल्या. आमच्या खोपीत काकी, मी आणि कोंबड्या. त्यातल्या एकीने माझ्या उशीवर अंडं घातलं. दिवसभर पेज, सुका बांगडा आणि फुगड्या. बायकांनी मलाही ओढलं. मी दोनदा आपटले आणि पोट धरून हसले.

मग परतायचा कौल झाला. वेशीवर सगळे थांबले, गावच्या म्हाताऱ्या मानकऱ्यांनी गाऱ्हाणं (देवाला विनवणी) घातलं. "बा देवा म्हाराजा, तुझी लेकरा घराक चालली, तेंका सांभाळ." एवढ्यात काकींनी त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. मानकऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं, पुन्हा हात जोडले. "आणि वर्ध्यासून इलेली ही मास्तरीण, ती पण आता तुझीच. तिची राखण कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळं गाव एका आवाजात म्हणालं.

मला रडूच फुटलं. काखेत कोंबडी धरून, नाक ओढत मी गावात शिरले. आजवर पुष्कळ ठिकाणी भाड्याने राहिले. भाडेकरणीला थेट देवाच्या हवाली करणारं गाव मात्र हे पहिलंच.