साबणाच्या फेसाने चढवलेला चुडा
साबणाचा फेस हाताला लागला की मला आठ-नऊ वर्षांपूर्वीची वेवजी गावातली ती पडवी आठवते. मी कासारीण, तिथल्या एका गरोदर सुनेला सातव्या महिन्याचा हिरवा चुडा भरायला गेले होते. लग्नात त्याच पोरीला मी दोन-चार मापाच्या बांगड्या घातल्या होत्या, आता मोठ्या दोन-आठ मापाचीही अडत होती. फेस चोळताना माझ्या अंगठ्याचा खळगा तिच्या कातडीत तसाच राहिला. “मावशी, डोकं फार ठणकतंय, डोळ्यांपुढे काजवे दिसतात,” ती पुटपुटली. सासू हसली, “माझ्या हातच्या जेवणाचं बाळसं गं ते! भर तू.” गरोदर बाईचे हात-तोंड सुजले तर लगेच दवाखाना गाठायचा, हे आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईने तलासरीच्या बाजारात माझ्यासमोरच सांगितलं होतं. पण चुड्याच्या दिवशी अभद्र बोलणाऱ्या कासारणीला पुन्हा कोणी बोलावत नाही. म्हणून मी हात दाबून दाबून सगळ्या बांगड्या चढवल्या. चौथ्या दिवशी तिला झटके आले आणि डहाणूला नेताना ती जीपमध्येच गेली, पोटातल्या बाळासकट. भेटायला गेले तर सासूने माझेच हात धरले, “निदान तुझा चुडा लेऊन गेली गं.” मी मान हलवली. ती सूज धोक्याची आहे हे मला चुडा भरतानाच कळलं होतं, हे तिला मी अजून सांगितलेलं नाही.